पाच टॉवर, एक नकाशा: गावाकडच्या नेटवर्कवर ओएसपीएफ कसं बसवायचं

जुलैचा शेवटचा आठवडा होता. पीक विम्याच्या अर्जांची मुदत संपत आलेली, सेवा केंद्रापुढे सातबारा आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन माणसं उभी, आणि दुपारी दोनला केंद्रवाल्याचा फोन आला, “भाऊ, लाइट तर हिरवा हाय, पन काहीच उघडून नाई राह्यलं.” रस्त्याच्या कामात जेसीबीनं आमची फायबर उचलली होती. टेकडीकडून फिरून यायला रेडिओची दुसरी वाट शाबूत होती, पण ती वाट राउटरला कोणी सांगितलीच नव्हती. ऑफिसातून सांगावी, तर त्या राउटरपर्यंत पोचायचा रूटही तुटलेल्या फायबरवरूनच होता. चिखलातून गाडी काढली, टॉवरखाली बसून लॅपटॉप उघडला आणि दोन स्टॅटिक, म्हणजे हातानं लिहिलेले, रूट बदलले. काम दोन मिनिटांचं, जाण्यायेण्यात अडीच तास गेले.

त्या आठवड्यात ठरवलं, आता ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी आपापसात बोलून वाटा स्वतःच शोधायची पद्धत. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात आमचं छोटं नेटवर्क आहे: पाच जागा, फायबर थोडी, रेडिओ जास्त. तुमच्याकडे तीन टॉवर असोत की पंधरा, खालची पद्धत तीच. राउटर मायक्रोटिकचे धरलेत, त्यांच्यावर चालणारी प्रणाली राउटरओएस, आवृत्ती ७, कारण आपल्याकडच्या केबलवाल्या-नेटवाल्यांच्या पेटीत बहुधा तेच असतात. आवृत्ती ६ मध्ये खिडक्या थोड्या वेगळ्या दिसतात. आणि हो, आकडे इथे मराठीत छापलेत, विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकची सेटिंग करायचा प्रोग्राम) इंग्रजी अंकच टाकायचे.

चतुःसीमा

ओएसपीएफला ‘लिंक-स्टेट’ प्रोटोकॉल म्हणतात, तो शब्द ऐकून घाबरू नका. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना: पूर्वेला अमक्याचं शेत, पश्चिमेला नाला, उत्तरेला पांधण. लिहिणाऱ्याला फक्त स्वतःचे शेजारी माहीत असतात. पण गावातल्या प्रत्येकाची चतुःसीमा एका ठिकाणी आणली, तर अख्ख्या शिवाराचा नकाशा तयार होतो. ओएसपीएफमधला प्रत्येक राउटर हेच करतो. ‘माझे शेजारी हे, त्यांच्याकडे जायचा खर्च इतका’ एवढंच तो लिहितो. या कागदाला एलएसए म्हणतात. मग दवंडी पिटावी तसा तो कागद सगळ्या राउटरांपर्यंत जातो. सगळ्यांकडे सारखाच गठ्ठा जमला की प्रत्येक जण आपापल्या जागेवरून सगळ्यात स्वस्त वाट काढतो. ती काढायची रीत डच गणिती एड्सखर डाइक्स्ट्रा यांची, १९५९ साली छापलेली. ओएसपीएफची आज चालणारी दुसरी आवृत्ती जॉन मॉय यांनी एप्रिल १९९८ च्या आरएफसी २३२८ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात लिहून ठेवली आहे.

आरआयपी हा जुना प्रोटोकॉल ऐकीव माहितीवर चालतो. बसस्टँडवर विचारावं आणि कोणीतरी ‘तिकडून जा, चार गावं लागतात’ म्हणावं, तसा. ते चौथं गाव पुरात तुटलं तर सांगणाऱ्याला ते उशिरा कळतं. एका राउटरवरून दुसऱ्यावर जाणं म्हणजे एक उडी, आणि पंधरा उड्यांच्या पुढे तर तो मोजतच नाही. त्याला चांगल्या-वाईट रस्त्यातला फरकही कळत नाही: फायबरची उडी आणि हलणाऱ्या खांबावरच्या रेडिओची उडी त्याच्या लेखी सारखीच.

आधी वही

ओएसपीएफ चालू करायला दहा मिनिटं लागतात. ते बिघडतं बहुतेक वेळा पत्त्यांच्या गोंधळानं, म्हणून एक संध्याकाळ वहीसाठी द्याच.

आमच्या जागांना जागेवरूनच नावं पडली आहेत: ऑफिस, टाकी, टेकडी, दिग्रस, जिनिंग. त्यांना याच क्रमानं १ ते ५ नंबर दिले आणि पुढचे सगळे पत्ते त्या नंबरातून काढले.

राउटरचा स्वतःचा कायमचा पत्ता १०.२५५.०.नंबर. म्हणजे टेकडी १०.२५५.०.३. हाच त्याचा राउटर आयडी.

त्या टॉवरवरच्या ग्राहकांचे पत्ते १००.६४.नंबर.०/२४. टेकडीचे १००.६४.३.०/२४. (१००.६४.०.०/१० हा पट्टा सेवा पुरवठादारांच्या आतल्या वापरासाठीच राखून ठेवलेला आहे, १९२.१६८ नको. ते ग्राहकाच्या घरातल्या राउटरशी टक्कर घेतं.)

दोन टॉवरमधली लिंक १०.२५४.दोघांचे नंबर.०/३०. टाकी आणि टेकडीमधली १०.२५४.२३.०/३०. लहान नंबरवाल्याला .१, मोठ्याला .२. रात्री अर्धवट झोपेत ट्रेसरूटमध्ये (वाटेतले राउटर दाखवणारी कमांड) १०.२५४.३४.२ दिसलं की वही न उघडता कळतं, पाकीट, म्हणजे डेटाचं पॅकेट, टेकडीवरून दिग्रसला पोचलं.

आता खर्च, म्हणजे कॉस्ट. सगळ्यात जास्त डोकं इथे लावा. राउटरचं पोर्ट गिगाबिटचं असतं, पण त्यापुढचा रेडिओ खऱ्यात दीडशे मेगाबिटच देतो. हे राउटरला कळत नाही. मायक्रोटिकच्या आवृत्ती ७ मध्ये काहीच न भरल्यास प्रत्येक लिंकची कॉस्ट १ धरली जाते, म्हणजे फायबर आणि रेडिओ एकाच मापात. सिस्को कंपनीचा राउटर वेगावरून आकडा काढतो, पण मूळ माप १०० मेगाबिटचं असल्यामुळे १०० मेगाबिट, १ गिगाबिट आणि १० गिगाबिट तिघांची कॉस्ट १ येते, तिथेही माप बदलावं लागतं. म्हणून आकडे हातानं भरा. आमचे असे आहेत:

ऑफिस–टाकी, फायबर: १०
टाकी–टेकडी, रेडिओ: ३०
टेकडी–दिग्रस, लांबचा रेडिओ: ८०
दिग्रस–जिनिंग, रेडिओ: ४०
जिनिंग–ऑफिस, रेडिओ: ३०

असं वर्तुळ झालं. इंटरनेट दोन जागांहून आत येतं: ऑफिसात एक कंपनी, दिग्रसला दुसरी. वर्तुळ नसेल, सगळं आपल्या शकुंतला रेल्वेच्या रुळासारखं एकेरी असेल, तर ओएसपीएफ बसवून रूट लिहायचा त्रास वाचेल, पण तुटल्यावर फिरून जायला वाट कुठून आणणार? आधी एक जास्तीचा रेडिओ घ्या.

कागदावरच हिशेब करून पाहा. टेकडीवरून ऑफिसला टाकीमार्गे ३० अधिक १०, म्हणजे ४०. उलट्या बाजूनं ८०, ४०, ३०, म्हणजे १५०. टाकीमार्गे जाणार, बरोबर. आता ऑफिस–टाकी फायबर तोडा. टाकीला ऑफिस १८० वर गेलं, पण दिग्रस ११० वर आहे. म्हणजे टाकीचे ग्राहक दिग्रसच्या कंपनीवरून बाहेर पडतील. हे मला हवं आहे का? दिग्रसच्या लाइनवर तेवढी जागा आहे का? हा प्रश्न वहीत सुटतो, मग रात्री फोन येत नाही.

एरियांचं, म्हणजे नेटवर्कचे नकाशापुरते तुकडे पाडण्याचं काय? पुस्तकात यावर मोठमोठी प्रकरणं असतात. आपल्याला एकच एरिया पुरे, शून्य. काही डझन राउटरांपर्यंत त्याला काही होत नाही. ज्यांनी सहा राउटरांत तीन एरिया केलेत त्यांना मी पाहिलंय, ते अजून निस्तरत आहेत.

राउटरवर

हात लावण्याआधी दोन सवयी. सध्याचं कॉन्फिगरेशन एक्सपोर्ट करून लॅपटॉपवर ठेवा. आणि विनबॉक्समधलं ‘सेफ मोड’ बटण दाबा. चुकून स्वतःचाच रस्ता कापलात, तर सेशन तुटल्यावर काही मिनिटांत राउटर बदल मागे घेतो. टेकडीवर जायचं वाचतं. काम झालं की सेफ मोड आठवणीनं बंद करा, नाहीतर लॅपटॉप मिटला की केलेलं सगळं पुसलं जाईल. मला हे दोनदा शिकावं लागलं.

टेकडीचं, म्हणजे नंबर ३ चं उदाहरण घेऊ.

पहिलं, दोन रिकामे ब्रिज (राउटरच्या आतले आभासी पोर्ट) बनवा, कुठलंही पोर्ट न जोडता. एकाचं नाव ‘लूप’, त्याला १०.२५५.०.३/३२. दुसऱ्याचं नाव ‘ग्राहक’, त्याला १००.६४.३.१/२४. रिकामा ब्रिज कधी पडत नाही, म्हणून त्यावरचा पत्ता राउटर जिवंत असेपर्यंत जिवंत. पीपीपीओईच्या (ग्राहक नाव-पासवर्ड देऊन जोडले जातात ती पद्धत) प्रोफाइलमध्ये लोकल ॲड्रेस १००.६४.३.१ ठेवा आणि ग्राहकांना वाटायच्या पत्त्यांचा पूल त्याच /२४ मधून द्या. ‘ग्राहक’ ब्रिज कशासाठी ते पुढे कळेल.

दुसरं, लिंकचे पत्ते. टाकीकडच्या पोर्टला १०.२५४.२३.२/३०, दिग्रसकडच्याला १०.२५४.३४.१/३०. दोन्ही बाजूंना पिंग करून, म्हणजे छोटं पाकीट पाठवून उत्तर येतं का ते बघून घ्या. पिंग जात नसेल तर पुढे जाऊ नका, ओएसपीएफ तुटलेली लिंक जोडून देत नाही.

तिसरं, ‘राउटिंग’मध्ये ‘ओएसपीएफ’ उघडा, ‘इन्स्टन्सेस’ टॅब. नवीन इन्स्टन्स, व्हर्जन २, राउटर आयडी १०.२५५.०.३. हा आयडी हातानंच लिहा. एका टॉवरचं कॉन्फिगरेशन दुसऱ्यावर चिकटवण्याची आपली सवय असते आणि मग दोघांचा आयडी एक होतो. ते दोघे शेजारी असतील तर जमतच नाही. लांब असतील तर आणखी वाईट: एकाच नावाच्या दोन चतुःसीमा एकमेकींना खोडत राहतात आणि रूट येतो-जातो, येतो-जातो.

याच खिडकीत ‘रीडिस्ट्रिब्यूट’ नावाचं खानं आहे. ते कोरं ठेवा. पाचही राउटरांवर. कारण पुढे सांगतो, ते जरा महागात पडलेलं कारण आहे.

चौथं, ‘एरियाज’ टॅब: नाव बॅकबोन, एरिया आयडी ०.०.०.०, इन्स्टन्स वरचाच.

पाचवं, ‘इंटरफेस टेम्प्लेट्स’. आवृत्ती ७ मध्ये सगळा खेळ इथे आहे. प्रत्येक लिंकला एक टेम्प्लेट: इंटरफेसच्या खान्यात ते एकच पोर्ट, एरिया बॅकबोन, टाइप ‘पीटीपी’, कॉस्ट वहीतली. इंटरफेसचं खानं रिकामं सोडलंत तर सगळ्याच पोर्टांवर ओएसपीएफ सुरू होतं, ग्राहकाकडे जाणाऱ्या आणि वरच्या कंपनीकडच्या पोर्टावरसुद्धा. ते नको.

टाइप पीटीपी का? न सांगितल्यास इथरनेट पोर्ट ब्रॉडकास्ट धरलं जातं आणि मग तिथे डीआर नावाचा मुखिया निवडायची निवडणूक होते. एका स्विचवर आठ राउटर असतील तर मुखिया लागतो. दोघांच्या लिंकवर सरपंच कशाला? पीटीपी दोन्ही टोकांना लावा. एका टोकाला ब्रॉडकास्ट आणि दुसऱ्याला पीटीपी असेल तर शेजार जुळलेला दिसेल, पण रूट येणार नाहीत. हा दोष शोधायला फार वेळ खातो.

‘लूप’ आणि ‘ग्राहक’ ब्रिजना एकेक टेम्प्लेट, त्यावर ‘पॅसिव्ह’ची खूण. पॅसिव्ह म्हणजे हा पत्ता नकाशात दाखवा, पण या बाजूला शेजारी शोधू नका.

टेम्प्लेटमध्येच ऑथेंटिकेशन आहे, म्हणजे शेजारी आपलाच आहे का ते किल्लीनं ओळखणं. एसएचए २५६ घ्या, आयडी १, आणि एक बरी किल्ली. दोन्ही टोकांना सगळं सारखं. ‘आपल्या खेड्यात कोण हॅक करणार?’ असं म्हणू नका. प्रश्न हॅकरचा नसतो. हौशी पोरगा जुना राउटर कुठेतरी लावतो आणि त्यातून खोटी डिफॉल्ट वाट सगळीकडे पसरते.

हॅलो (शेजाऱ्याला दर इतक्या वेळानं मारायची हाक) १० सेकंद आणि डेड (इतका वेळ हाक आली नाही तर शेजारी मेला असं धरायचं) ४० सेकंद, हे मूळ आकडे तसेच राहू द्या. दोन्ही टोकांना ते सारखेच हवेत. हॅलो एक सेकंदाचा करून पाहायचा मोह होतो. फायबरवर चालेल, पण वाऱ्यात डोलणाऱ्या खांबावरचा रेडिओ तीन-चार सेकंद हरवतो आणि परत येतो. तेवढ्यासाठी अख्ख्या नेटवर्कला नकाशा बदलायला लावू नका.

सहावं, फायरवॉल. ओएसपीएफ टीसीपीवरही नाही आणि यूडीपीवरही नाही, त्याचा स्वतःचा प्रोटोकॉल क्रमांक आहे, ८९. इनपुट चेनमध्ये (राउटरकडेच येणाऱ्या पाकिटांचे नियम) शेवटचा ड्रॉपचा नियम असेल तर त्याच्या वर, फक्त लिंकच्या पोर्टांसाठी, प्रोटोकॉल ८९ ॲक्सेप्ट करा. शेजारी एकमेकांना २२४.०.०.५ या मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांना ऐकू जाणाऱ्या पत्त्यावर हाक मारतात. पिंग जातंय पण शेजारी दिसत नाही, असं झालं की आधी फायरवॉल पाहा आणि मग रेडिओत मल्टिकास्ट अडवणारी काही सेटिंग चालू आहे का ते बघा. रेडिओ दोन्ही टोकांना पारदर्शक ब्रिज मोडमध्ये असावेत.

बाहेर जायची वाट

हे फक्त ऑफिस आणि दिग्रसवर. इन्स्टन्समध्ये ‘ओरिजिनेट डिफॉल्ट’ला ‘इफ इन्स्टॉल्ड’ द्या. अर्थ असा: माझ्याकडे इंटरनेटची चालू वाट असेल तरच मी इतरांना ‘माझ्याकडे या’ म्हणेन. ‘ऑलवेज’ दिलंत तर वरची लाइन मेल्यावरही तो बोलावत राहील, आणि सगळी पाकिटं विहिरीत.

हे दोन्ही गेटवे, म्हणजे इंटरनेट आत येतं ते दोन राउटर, सारख्याच मेट्रिकनं बोलावतात, त्यामुळे प्रत्येक टॉवर आपल्याला जवळ पडणाऱ्या गेटवेकडे जातो. जवळ म्हणजे कॉस्टनं जवळ. आमच्या आकड्यांत जिनिंगला ऑफिस ३० आणि दिग्रस ४०, म्हणजे ऑफिस.

‘इन्स्टॉल्ड’ मध्ये एक फसवणूक आहे. वरच्या कंपनीचं उपकरण चालू असलं आणि त्याच्यापुढे सगळं मेलं असलं, तरी तुमचं पोर्ट हिरवंच असतं आणि रूट चालूच. म्हणून गेटवेच्या डिफॉल्ट रूटवर ‘चेक गेटवे पिंग’ लावा. दर १० सेकंदांनी पिंग जातो, दोनदा उत्तर नाही आलं की रूट पडतो. तरी हा पिंग पहिल्या उडीपुरताच. त्यापुढचं तपासायचं असेल तर बाहेरच्या एखाद्या पत्त्यावरून रिकर्सिव्ह रूट (तो बाहेरचा पत्ता उत्तर देईल तोवरच चालू राहणारा रूट) बनवावा लागतो, आणि तो बनवाच, कारण आपल्याकडे वरची लाइन बहुधा पहिल्या उडीच्या पुढेच तुटते.

नॅट, म्हणजे आतले पत्ते बदलून बाहेरचा पत्ता लावणं, दोन्ही गेटवेंवर हवा, आणि पाचही टॉवरांच्या १००.६४ च्या पट्ट्यांसाठी हवा. दिग्रसवर फक्त दिग्रसच्या ग्राहकांचा नॅट ठेवला होता, तो विसर पहिल्याच चाचणीत उघडा पडला. वाट बदलली की चालू जोडण्या एकदा तुटतात, व्हिडिओ कॉल पडतो. पुन्हा लावला की लागतो.

शेजारी ‘फुल’ झाला का

‘नेबर्स’ टॅबमध्ये शेजाऱ्याची स्थिती दिसते. शेवट ‘फुल’वर व्हायला हवा. मधे अडकला तर तो कुठे अडकला त्यावरूनच दोष कळतो. काहीच दिसत नाही: हॅलो पोचत नाही किंवा जुळत नाही, म्हणजे फायरवॉल, एरिया, हॅलो-डेड, किल्ली. ‘इनिट’वर अडकला: त्याचं मला ऐकू येतं, माझं त्याला नाही. ‘एक्सस्टार्ट’वर अडकला: दोन्ही टोकांचा एमटीयू, म्हणजे पाकिटाचा मोठ्यात मोठा आकार, वेगळा आहे, एकाकडे १५०० आणि दुसऱ्याकडे १४८०, असं काही.

‘एक्सचेंज’वर अडकला, तर माझी गोष्ट ऐका.

सुरुवातीला मी ते ‘रीडिस्ट्रिब्यूट’चं खानं कोरं ठेवलं नव्हतं, तिथे ‘कनेक्टेड’ निवडलं होतं. सोपं होतं ना, राउटरला जोडलेलं सगळं आपोआप सगळ्यांना कळतं. पण पीपीपीओईचा प्रत्येक ग्राहक जोडला की राउटरवर त्याचा एक /३२ कनेक्टेड रूट बनतो. प्रत्येक रूटचा एक वेगळा कागद. अडीचशेच्या वर घरं, अडीचशेच्या वर कागद. कोणाच्या घरची लाइट गेली की एक कागद रद्द, आली की नवा. पाचही राउटर दिवसभर याच दवंड्या ऐकत होते. तरी चालत होतं, म्हणून माझं लक्ष गेलं नाही.

जूनमध्ये पहिल्या वादळात टेकडीची लाइट गेली, बॅटरी संपली, पहाटे लाइट आली. राउटर उठला. टाकीशी शेजार जुळला, फुल. दिग्रसशी मात्र ‘एक्सचेंज’वर येऊन थांबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. कॉन्फिगरेशनमध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं. महिनोन्महिने हीच लिंक फुल होती. रेडिओचा सिग्नल चांगला, पिंग स्वच्छ. टॉवरवर गेलेला आमचा पोरगा फोनवर म्हणे, “भाऊ, मी काई कराले गेलोच नाई, नुसता बसून हाव.”

दुपारी पिंगचा आकार वाढवून पाहिला. न तोडता पाठवा ही खूण, आकार १५००. एकही उत्तर नाही. १४०० ला सगळी आली. तो लांबचा रेडिओ मधे स्वतःचं वेष्टन चढवायचा आणि पूर्ण आकाराचं पाकीट गिळून टाकायचा. पोर्टांवर दोन्हीकडे १५०० लिहिलेलं, म्हणून एक्सस्टार्ट पार पडायचा. एक्सचेंजमध्ये दोघे एकमेकांना आपल्याकडच्या कागदांची यादी देतात. एका कागदाची नोंद २० बाइटची. आयपीचे २०, ओएसपीएफचे २४ आणि यादीच्या मथळ्याचे ८ बाइट वजा केले तर १५०० मध्ये ७२ नोंदी मावतात. ग्राहक थोडे असताना यादी छोट्या पाकिटात मावायची आणि रेडिओतून जायची. ग्राहक वाढले, यादी फुगली, पाकीट काठोकाठ भरलं. तरीही लिंक तुटेपर्यंत काही दिसलं नाही, कारण एकदा फुल झाल्यावर नवे कागद एकेक करून छोट्या पाकिटांतूनच जातात. अख्खी यादी नव्यानं द्यायची वेळ आली ती लाइट गेल्यावर.

दुरुस्ती दोन्हींची केली. रेडिओत मोठ्या पाकिटांची परवानगी वाढवली आणि १५०० चा पिंग पार होईपर्यंत सोडलं नाही. आणि रीडिस्ट्रिब्यूट काढून ‘ग्राहक’ ब्रिज आणला: टेकडीचा एकच /२४ नकाशात जातो, आत कोण जोडलंय नि कोण तुटलंय ते टेकडीपुरतं राहतं. ‘एलएसए’ टॅबमध्ये आज सात कागद आहेत. पाच राउटरांचे पाच आणि दोन गेटवेंच्या डिफॉल्टचे दोन.

तर प्रत्येक लिंकवर, ओएसपीएफ लावण्याआधीच, १५०० चा न तोडता पिंग. मायक्रोटिकच्या पिंगमधला आकार अख्ख्या पाकिटाचा असतो. विंडोजवरून करत असाल तर १४७२ द्या, वरचे २८ बाइट तो स्वतः जोडतो.

जुने रूट कसे काढायचे

काढायचेच नाहीत, लगेच तरी. स्टॅटिक रूटचं डिस्टन्स १ असतं आणि ओएसपीएफचं ११०. कमी आकड्याचा रूट जिंकतो. त्यामुळे पाचही टॉवरांवर भर दुपारी ओएसपीएफ बसवलं तरी ग्राहकाला काही कळत नाही: वाहतूक अजून जुन्याच रूटवर, नवे रूट शेजारी निष्क्रिय पडून. ‘आयपी’मधल्या ‘रूट्स’च्या यादीत ते दिसतात. वहीशी ताडून घ्या: बाकीच्या चारही टॉवरांचे /२४ आले का, पुढची उडी बरोबर बाजूची आहे का.

ताडून झालं की सगळ्यात लांबच्या टॉवरपासून सुरुवात करून जुन्या स्टॅटिक रूटांचं डिस्टन्स २०० करा. ओएसपीएफ वर येईल आणि जुने रूट जाळीसारखे खाली राहतील. हे सेफ मोडमध्ये, एकेक टॉवर. आमच्याकडे ते जुने रूट महिनाभर तसेच होते. मग पुसले, कारण ओएसपीएफ पडल्यावर २०० वाला जुना रूट चुकीच्या दिशेला पाठवू लागला तर दोन टॉवर एकमेकांकडे पाकीट टोलवत बसतात.

गेटवेंवरचा इंटरनेटचा डिफॉल्ट मात्र स्टॅटिकच राहतो. त्याला हात लावू नका.

तोडून पाहा

दिवसा, बाजाराचा दिवस सोडून, ग्राहकांना आधी सांगून. ऑफिसातून १००.६४.२.१ ला सतत पिंग लावा आणि टाकीकडची फायबर स्वतःच्या हातानं काढा. पोर्ट पडलं की राउटरला लगेच कळतं, एक-दोन पिंग चुकतील. नंतर फायबर परत लावा आणि दिग्रस–जिनिंग रेडिओची फक्त हवेतली लिंक बंद करा, रेडिओंची वीज मात्र चालूच ठेवा. दिग्रसमधलं आणि जिनिंगमधलं पोर्ट हिरवंच राहील, तुटलं ते हवेतलं. आता राउटरला कळायला डेडचे ४० सेकंद लागतील. घड्याळ लावून बघा. आवृत्ती ७ मध्ये बीएफडी (शेजारी जिवंत आहे का ते भराभर तपासणारी सोय) आहे, ते हे एखाद्या सेकंदावर आणतं. मी लावलेलं नाही, आमच्या खांबांना ते झेपणार नाही.

तिसरी चाचणी सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच लोक टाळतात: ऑफिसची इंटरनेटची तार काढा. सगळे टॉवर दिग्रसकडे वळले पाहिजेत, ऑफिससुद्धा.

लॉग वाचण्याआधी एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवायची सोय) चालू आहे ना ते पाहा. यातल्या बऱ्याच राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते, लाइट जाऊन आली की ते १९७० सालात उठतात.

सागाची पानं

एक गोष्ट ओएसपीएफ करत नाही. त्याला सिग्नल दिसत नाही. लिंक जिवंत आहे की मेली एवढंच तो पाहतो. दोनशे मेगाबिटवरून वीसवर आलेली लिंक त्याच्या दृष्टीनं जिवंतच, कॉस्ट तीच.

आपल्याकडे हे दरवर्षी होतं. मे महिन्यात साग बोडका असतो. टेकडीवरून दिग्रसकडे साफ दिसतं, म्हणून रेडिओ तेव्हाच जुळवला जातो. पावसाळा लागला की सागाला तव्याएवढी पानं येतात, ओली, आणि त्याच दिशेला हिरवी भिंत उभी राहते. खांब उंच करणं हा खरा उपाय. ते होईपर्यंत आम्ही जूनमध्ये त्या लिंकची कॉस्ट ८० ची १५० करतो, दोन्ही टोकांना. एकाच टोकाला केली तर जाताना एक वाट आणि येताना दुसरी. १५० झाल्यावर टेकडीला दिग्रस कसं जातं ते मोजा: टाकी, ऑफिस, जिनिंग, दिग्रस, ३० अधिक १० अधिक ३० अधिक ४०, म्हणजे ११०. लांबून, पण मोकळ्या वाटेनं. फाल्गुनात पानं गळली की परत ८०. कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे.

सहावा टॉवर

यंदा टेकडीपुढच्या एका गावातून मागणी आली. नंबर ६. लूप १०.२५५.०.६, ग्राहक १००.६४.६.०/२४, टेकडीशी लिंक १०.२५४.३६.०/३०. नव्या राउटरवर वरच्या सहा पायऱ्या, टेकडीवर एक पत्ता, एक टेम्प्लेट आणि फायरवॉलमध्ये त्या पोर्टाची परवानगी, आणि दोन्ही गेटवेंच्या नॅटमध्ये नवा पट्टा. टाकी, जिनिंग यांना हातही लावला नाही. त्यांच्या यादीत आठवा कागद आपोआप आला.

पत्त्यांची ही युक्ती नवव्या टॉवरपर्यंतच बिनघोर चालते. दहावा आला आणि त्याला टेकडीशी जोडायचं झालं, तर १०.२५४.३१० लिहावं लागेल, आणि आयपीत २५५ च्या पुढे आकडा नाही. तुमचं काम तेवढं वाढणार असेल तर लिंकांचे पत्ते पहिल्या दिवसापासून वहीत क्रमानंच द्या.